पोत्यात काय आहे, हे कोणी विचारायचे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने एक प्रश्न हमखास सोडवलेला असतो. ‘अधोरेखित शब्दाची जात ओळखा.’ नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी अशा आठ जाती आपण पाठ करतो आणि परीक्षा संपली की विसरून जातो. व्याकरणातली ही जात तशी निरुपद्रवी. तिच्यावरून कोणाला पाणवठ्यावर अडवल्याचे ऐकिवात नाही. शिवाय ती जन्माने ठरत नाही. ‘वर’ हा साधा शब्द घ्या. ‘मुलीला चांगला वर मिळाला’ म्हटले की तो नाम होतो. ‘पतंग वर गेला’ म्हटले की क्रियाविशेषण होतो. ‘घरावर कौले आहेत’ म्हटले की तोच शब्दयोगी अव्यय होतो. शब्द तोच, पण वाक्यात तो काय काम करतो, यावर त्याची जात ठरते.

संगणकाला आज्ञा देण्यासाठी माणसाने ज्या भाषा तयार केल्या, त्यांनाही व्याकरण आहे आणि त्या व्याकरणातही जाती आहेत. तिथे त्यांना ‘टाइप’ म्हणतात. संख्या ही एक जात, अक्षरांची ओळ ही दुसरी, यादी ही तिसरी, तारीख ही चौथी. या जाती कशासाठी लागतात? कारण संगणकाच्या पोटात शेवटी शून्य आणि एक यांच्याच रांगा असतात. २३०९ हा आकडा घ्या. तो कापसाच्या पट्टीवरची रक्कम असू शकतो. पण युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरी ‘अ’ या अक्षराचा क्रमांकही २३०९ हाच आहे. रक्कम समजून त्यात दोन मिळवले तर २३११ रुपये होतात. अक्षर समजून दोन मिळवले तर ‘अ’चा ‘इ’ होतो. म्हणून आधी ठरवावे लागते की हा ऐवज कोणत्या जातीचा आहे आणि त्याच्यावर कोणती क्रिया शोभते.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. या भाषांकडे मी वळलो तो भाषेच्या कुतूहलापोटी. पण तिथे मला एक वाद सापडला. तो केवळ यंत्रापुरता नाही, म्हणून आज तो तुमच्यापुढे मांडतो. वाद असा : कार्यक्रम चालू असताना समोर आलेल्या वस्तूला ‘तुझी जात कोणती?’ असे विचारण्याची मुभा असावी की नसावी? या विचारण्याला तिकडे ‘इंट्रोस्पेक्शन’ म्हणतात, म्हणजे स्वतःच्या आत डोकावणे. त्याच्या पुढची पायरी ‘रिफ्लेक्शन’, म्हणजे आरशात पाहून स्वतःत बदलही करणे. हा वाद सर्वांत चुरशीने झाला तो ‘फंक्शनल’ म्हणवल्या जाणाऱ्या भाषांमध्ये. या भाषांत सारा कार्यक्रम गणितातल्या फलांसारखा रचतात. एका बाजूने काही घातले की दुसऱ्या बाजूने काही निघते, आणि तेच घातले तर नेहमी तेच निघावे असा आग्रह असतो.

या घराण्याची आजी म्हणजे लिस्प. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये तिची आखणी सुरू केली आणि १९६० मध्ये तिच्यावरचा प्रसिद्ध निबंध छापला. लिस्पचे वैशिष्ट्य असे की तिच्यात माहितीही यादीच्या रूपात लिहितात आणि आज्ञाही यादीच्याच रूपात. त्यामुळे लिस्पमधला कार्यक्रम दुसऱ्या कार्यक्रमाला वाचू शकतो, चिरू शकतो, जोडू शकतो. व्याकरणाचे पुस्तक मराठीत आणि त्यातली उदाहरणेही मराठीत, असा तो प्रकार. लिस्पमध्ये प्रत्येक वस्तू आपली जात कपाळावर घेऊन फिरते. कोणीही, कधीही, तिला थांबवून विचारावे : तू संख्या आहेस का? यादी आहेस का? ती उत्तर देते. पुढे १९८२ मध्ये ब्रायन कँटवेल स्मिथ यांनी एमआयटीतल्याच आपल्या प्रबंधात या आरशाचा पद्धतशीर विचार केला. आपण या क्षणी काय करतो आहोत, हे पाहून आपली रीतच बदलू शकणारी लिस्पची एक आवृत्ती त्यांनी उभी केली.

याच सुमारास घराण्यात दुसरी शाखा फुटली. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा इथे रॉबिन मिल्नर आणि त्यांचे सहकारी १९७० च्या दशकात एमएल नावाची भाषा घडवत होते. तिच्यात जात विचारली जाते, पण ती कार्यक्रम चालू होण्यापूर्वी. आपण लिहिलेला मजकूर कंपायलर नावाचा तपासनीस आधी वाचतो. आपण जाती लिहून दिल्या नसल्या तरी, शब्द वाक्यात काय काम करतो हे पाहून आपण ‘वर’ची जात ओळखतो तसे, तो प्रत्येक वस्तूची जात तिच्या वापरावरून ताडतो. कुठे संख्येत अक्षर मिळवलेले दिसले की मजकूर परत करतो. १९७८ च्या निबंधात मिल्नर यांनी या पद्धतीचा गणिती पाया मांडला. आणि तपासणी पूर्ण झाली की गंमत घडते. जातीची नोंद बहुतांशी पुसून टाकली जाते. चालू कार्यक्रमात वस्तू उरते, तिच्या कपाळावरचा शिक्का उरत नाही.

ज्यांना संस्कृत व्याकरणाची ओळख आहे, त्यांना हे पुसणे नवे वाटणार नाही. पाणिनीच्या परंपरेतल्या धातुपाठात ‘करणे’ या अर्थाचा धातू ‘डुकृञ्’ असा लिहिलेला आहे. प्रत्यक्षात धातू फक्त ‘कृ’. पुढचा ‘डु’ आणि मागचा ‘ञ्’ या खुणा आहेत. या धातूला परस्मैपद आणि आत्मनेपद या दोन्ही प्रकारचे प्रत्यय लागतात, हे ‘ञ्’ सांगतो. ‘डु’मुळे विशिष्ट प्रत्यय लागून आपल्या ओळखीचा ‘कृत्रिम’ हा शब्द तयार होतो. या खुणा व्याकरणाचे नियम लागू होईपर्यंत उपयोगी, नंतर त्यांचा लोप. तोंडाने बोललेल्या शब्दात त्या कधीच ऐकू येत नाहीत. घर बांधून झाले की परांची काढून टाकतात, तसेच हे.

आता कोणी म्हणेल, शिक्का पुसून काय साधले? उलट माहिती गेली! याचे उत्तर समजण्यासाठी आपल्या परभणीच्या मोंढ्यात जाऊ या. हमाल पोती उचलतो आणि थप्पी लावतो. पोत्यात सोयाबीन आहे, तूर आहे की हरभरा, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पोते उघडण्याचा त्याला अधिकारही नाही. आता तुम्ही वखारीबाहेर उभे आहात आणि हमालाने आत काय केले हे तुम्हाला दिसलेले नाही. तरी त्याच्याबद्दल तुम्ही काही गोष्टी छातीठोकपणे सांगू शकता. त्याने पोत्यांचा क्रम बदलला असेल, एखादे मागे ठेवले असेल. पण तुरीची पोती तेवढी निवडून बाजूला काढली, असे होणार नाही. सोयाबीनच्या जागी हरभरा भरला, असेही होणार नाही. कारण ज्याला आत पाहताच येत नाही, तो आतल्या मालावरून भेदभाव करणार कसा?

संगणकाच्या भाषेत अशा हमाल फंक्शनला ‘पॅरामेट्रिक’ म्हणतात. १९६७ मध्ये ख्रिस्तोफर स्ट्रॅची यांनी कोपनहेगनच्या व्याख्यानांत दोन प्रकार वेगळे केले. एक, कोणत्याही जातीच्या वस्तूशी अगदी एकसारखे वागणारे. दुसरे, जात पाहून वेगवेगळे वागणारे. पहिल्या प्रकाराची ताकद गणिताने सिद्ध केली जॉन रेनॉल्ड्स यांनी, १९८३ च्या निबंधात. त्यांनी तिथे एक बोधकथा सांगितली आहे. एका विद्यापीठात संमिश्र संख्यांचा विषय दोन प्राध्यापक दोन वर्गांत शिकवत होते. एकाने संख्येची व्याख्या आडव्या-उभ्या अंतरांनी केली, दुसऱ्याने लांबी आणि कोन यांनी. म्हणजे परभणीहून जिंतूर कुठे, हे एकाने ‘इतके उत्तरेला आणि इतके पश्चिमेला’ असे सांगावे आणि दुसऱ्याने ‘अमक्या दिशेला सरळ इतके’ असे सांगावे, तसे. व्याख्या आणि पायाभूत क्रिया सांगून झाल्यावर कार्यालयाच्या घोळामुळे दोघांचे वर्ग बदलले गेले. तरीही वर्षभर दोघांपैकी एकाच्याही तोंडून एक चूक विधान गेले नाही. का? कारण पहिल्या दिवसानंतर दोघांनीही संख्येच्या आत हात घातला नाही. ठरलेल्या क्रियांतूनच तिच्याशी व्यवहार केला.

१९८९ मध्ये फिलिप वॅडलर यांनी याच विचारातून एक सुंदर निष्कर्ष काढून दाखवला. फंक्शनचे नुसते जातीचे वर्णन वाचून, त्याचा मजकूर न पाहता, त्याच्याविषयी प्रमेये मिळतात आणि तीही फुकटात! मोंढ्याच्या भाषेत सांगायचे तर असे : आधी प्रत्येक पोत्यावर शिक्का मारा आणि मग हमालाला थप्पी लावू द्या, किंवा आधी थप्पी लावू द्या आणि मग शिक्के मारा. शेवटी दिसणारी थप्पी सारखीच असेल. कोणता हमाल, थप्पी लावायची त्याची रीत कोणती, हे विचारायची गरज नाही. तो आत पाहत नाही, एवढे पुरे. ज्याला मी एक वस्तू देतो आणि जो मला त्याच जातीची वस्तू परत देण्याचे वचन देतो, पण ती जात कोणती हे त्याला ठाऊक नाही, असा माणूस काय करू शकेल? मी दिलेली वस्तू जशीच्या तशी परत देईल, दुसरे काही नाही. त्याचे अज्ञान हीच माझी हमी.

आता याच हमालाच्या हाती पोत्यात टोचून नमुना काढायची टोकदार नळी गुपचूप देऊन पाहा. तो अजूनही म्हणतो, ‘मी कोणतेही पोते उचलतो.’ पण आत तूर निघाली की वेगळे वागतो. बाहेरून त्याचे वर्णन बदललेले नाही, फक्त त्यावरचा भरवसा संपला. प्रमेये तर गेलीच.

हे वाचताना मला दुसरे काहीतरी आठवत राहिले. मी मराठीत लिहितो, मराठीतच माझी वाढ झाली. एका शहरात घरातल्या शिकणाऱ्या मुलासाठी खोली शोधत होतो. दारावर पाटी होती : ‘खोली भाड्याने देणे आहे.’ पाटीवर अट नव्हती. भाडे ठरले, अनामत ठरली, पाण्याची वेळसुद्धा ठरली. मग नाव विचारले गेले. मी नाव सांगितले आणि खोली कालच गेली असल्याचे घरमालकांना एकाएकी आठवले. त्या माणसाला बोल लावण्यासाठी हे सांगत नाही. असा अनुभव या देशात अनेकांना वेगवेगळ्या नावांनी आलेला आहे. सांगायचे ते एवढेच की पाटीवरचे वाक्य आणि आतली वागणूक यांचा सांधा निखळला, की पाटी वाचून पुढचा विचार करणाऱ्याचा सगळा हिशेब चुकतो. रेनॉल्ड्स आणि वॅडलर यांच्या निबंधांत नेमकी या सांध्याचीच काळजी आहे.

ही काळजी केवळ सौजन्याची नाही. एमएल ही भाषा जन्मली तीच मुळी गणिताच्या सिद्धता यंत्राकडून तपासून घेण्याच्या एका प्रकल्पासाठी. त्यात ‘प्रमेय’ अशी एक स्वतंत्र जात होती. प्रमेय जातीची वस्तू केवळ तर्कशास्त्राच्या मान्य नियमांतूनच निर्माण करता येई. दुसरा मार्ग बंद. म्हणून यंत्राने ‘हे प्रमेय आहे’ म्हटले की त्यावर विश्वास ठेवता येई. एखाद्याला आत डोकावून, कुलूप खोलून आपल्या हाताने ‘प्रमेय’ घडवता आले असते, तर खोट्या विधानालाही खऱ्याचा शिक्का मिळाला असता. अशा वेळी न पाहण्याची शिस्त हीच सत्याची राखण असते.

तर मग विचारायचेच नाही, असा नियम करून टाकावा का? तसेही चालत नाही. व्यवहारात विचारावे लागते. यादी क्रमाने लावायची असेल, तर दोन वस्तूंत लहान कोण आणि मोठी कोण हे कळले पाहिजे. पडद्यावर काही दाखवायचे असेल, तर ते कोणत्या रूपात दाखवावे हे कळले पाहिजे. हॅस्केल या भाषेने, जिची पहिली अधिकृत संहिता १९९० मध्ये आली, इथे एक मधला मार्ग काढला. वॅडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी १९८९ मध्ये तो मांडला होता. फंक्शनने वस्तूला ‘तू कोण?’ असे विचारायचे नाही. ‘तुला काय येते?’ असे विचारायचे. क्रम लावणाऱ्याने एवढेच म्हणायचे : ज्यांची आपसात तुलना होऊ शकते असे कोणीही चालेल. संख्या असो, शब्द असो, तारीख असो. कामाला माणूस ठेवताना आडनावाऐवजी हुन्नर विचारावा, तसे. आणि ही अट फंक्शनच्या पाटीवर सर्वांना दिसेल अशी लिहायची.

पण काही कामे याच्याही पुढची असतात. समजा, आपल्या परभणी जिल्ह्याची एक मोठी नोंदवही संगणकात आहे. जिल्ह्यात नऊ तालुके, तालुक्यात कार्यालये, कार्यालयांत विभाग, विभागांत कर्मचारी, कर्मचाऱ्याच्या नोंदीत नाव, पत्ता, वेतन. सर्वांच्या वेतनात दहा टक्के वाढ करायची आहे. खरे काम एका ओळीचे. पण त्या वेतनापर्यंत पोहोचण्यासाठी प्रत्येक पायरीवर ‘आत जा, आत जा’ असे सांगणारा कंटाळवाणा मजकूर लिहावा लागतो. नोंदवहीची रचना बदलली की तो पुन्हा लिहावा लागतो. राल्फ लेमेल आणि सायमन पेटन जोन्स यांनी २००३ मध्ये अशाच, एका कंपनीतल्या पगारवाढीच्या उदाहरणावरून नवी रीत सुचवली. सगळीकडे फिरणारे एक सामान्य फंक्शन असावे. भेटेल त्या वस्तूला त्याने विचारावे, ‘तू वेतन आहेस का?’ असेल तर वाढवावे, नसेल तर हात न लावता पुढे जावे. हे विचारणे म्हणजे उघडच इंट्रोस्पेक्शन.

मग हमालाच्या हमीचे काय? हॅस्केलचे उत्तर मला मनापासून पटले. विचारण्याची मुभा आहे, पण जे फंक्शन विचारणार, त्याच्या पाटीवर तसे लिहिलेले असलेच पाहिजे. त्या अटीला तिकडे ‘टायपेबल’ म्हणतात, म्हणजे जिची जात विचारता येईल अशी वस्तू. पाटीवर हा शब्द नसेल, तर ते फंक्शन जात पाहणार नाही याची हमी कंपायलर घेतो. असेल, तर वाचणाऱ्याला आधीच कळते की इथे चौकशी होणार आहे. उत्तर ‘नाही’ आले तरी गोंधळ होत नाही. विचारणाऱ्याच्या हाती एक रिकामी जागा येते आणि त्या प्रसंगी काय करायचे, हेही त्याला लिहून ठेवावे लागते.

आता शेवटचा आणि सर्वांत नाजूक प्रश्न. वस्तूने सांगितलेली जात खरी कशावरून? शेतकरी बांधवांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. बियाण्याच्या दाण्याकडे पाहून वाण कोणता हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून पिशवीला खूणचिठ्ठी असते. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळी, पायाभूत बियाण्याला पांढरी आणि प्रमाणित बियाण्याला निळी. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठामुळे इथल्या शेतकऱ्याला या रंगांची ओळख आहे. प्रमाणित बियाण्याची निळी चिठ्ठी दुकानदाराने आपल्या हाताने लिहायची नसते, ती प्रमाणीकरण यंत्रणेकडूनच यावी लागते. कारण चिठ्ठी खोटी निघाली, तर तिचा पत्ता पेरणीनंतर लागतो आणि तोवर हंगाम गेलेला असतो.

हॅस्केलमध्येही आरंभी लिहिणाऱ्याला वस्तूची चिठ्ठी हाताने लिहिता येत असे. त्यामुळे शब्दाने ‘मी संख्या आहे’ असे खोटेच सांगण्याची सोय होती. आणि अशा खोट्या चिठ्ठीवर विसंबून कंपायलरची सारी तपासणी फसवता येत असे, कार्यक्रम मध्येच कोसळत असे. म्हणून ग्लासगो हॅस्केल कंपायलरच्या २०१४ मधल्या आवृत्तीने हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या बंद केल्या. २०१५ च्या आवृत्तीपासून प्रत्येक जातीची चिठ्ठी कंपायलर स्वतःच काढून देतो. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्याला पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र जोडावे लागते, त्याच्यामागची गरज याच वंशातली आहे.

हे सारे दूरदेशीच्या विद्वानांपुरते आहे, असे समजू नका. पुण्यात सुरू झालेल्या हेल्पशिफ्ट या कंपनीने आपले बरेचसे काम क्लोजर या भाषेत उभे केले. क्लोजर ही लिस्पचीच नवी लेक. रिच हिकी यांनी ती २००७ मध्ये लोकांपुढे आणली. जुन्या घराण्याप्रमाणे तिच्यात विचारायची मुभा मोकळी आहे. ती जावाच्या यंत्रणेवर चालते. समोरची वस्तू कोणत्या जातीची हे आधी ठाऊक नसेल, तर ती त्या क्षणी आरशात पाहून ठरवते. पण या पाहण्याला वेळ लागतो. एखादे काम लाखो वेळा करायचे असेल, तर प्रत्येक वेळी थांबून चौकशी करणे महागात पडते. म्हणून क्लोजरमध्ये एक सोय ठेवली आहे. ती चालू केली की कंपायलर इशारा देतो : या ओळीत रिफ्लेक्शन होणार आहे. मग लिहिणारा तिथे आधीच जात नोंदवून चौकशी टाळतो. वेगळ्या वाटेने का होईना, ही शाखाही त्याच ठिकाणी आली. चौकशी लपून होऊ नये.

मी याकडे कवी म्हणून पाहतो, त्यामुळे मला त्यात माणसे दिसतात. आपल्या समाजात दोन टोके ऐकू येतात. एक म्हणते, जात विचारूच नका, म्हणजे ती नाहीशी होईल. दुसरे ती सगळीकडे विचारते, खोली देताना, पंगतीत, पाणी देतानासुद्धा. पण ज्याच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेबाहेर ठेवले, त्याला शिष्यवृत्ती द्यायची तर विचारावेच लागते. सर्व जातींच्या शिरगणतीचे देशभरातले आकडे १९३१ नंतर प्रसिद्ध झालेले नाहीत. २०२५ मध्ये केंद्र सरकारने पुढच्या जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा त्यावर दोन्ही बाजूंनी बोलले गेले. शून्य आणि एक जुळवणाऱ्या मंडळींनी हा प्रश्न माणसांसाठी सोडवलेला नाही, तसा त्यांचा दावाही नाही. पण त्यांनी अर्ध्या शतकाच्या खटाटोपातून तीन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या, आणि त्या आपल्याला विचार करायला उपयोगी आहेत.

पहिली, न विचारणे हा रिवाज असावा आणि विचारणे हा अपवाद. दुसरी, विचारायचे असेल तर आधी ‘काय येते’ ते विचारावे आणि ‘कोण आहेस’ हे अगदीच अडले तर विचारावे, तेही दारावरच्या पाटीत आधी लिहून. तिसरी, उत्तराची चिठ्ठी अशा हातून यावी की जिथे खोटे लिहिता येणार नाही आणि जो ती लिहितो त्याला तीत नफा नाही.

कंपायलर हे सर्व निष्ठेने पाळतो, कारण त्याला दुसरे काही येत नाही. आपल्याला पाटीवर एक लिहून आत दुसरे करता येते. म्हणून आपल्या बाबतीत हे नियम पाळणे ही यांत्रिक गोष्ट राहत नाही, रोज नव्याने करायची निवड ठरते. मोंढ्यातला हमाल ती निवड पोटासाठी करतो, पोते उचलतो आणि पुढे जातो. त्याच्या त्या न विचारण्यावर सारा बाजार बिनघोर चालतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.